छत्री असताना अँटेना

माणच्या त्या घरात आम्ही भाड्याने राहायला गेलो तेव्हा गच्चीच्या कठड्यावर टीव्हीच्या छत्र्यांची रांग होती. प्रत्येक बिऱ्हाडाची एक. बिऱ्हाडं सगळी बाहेरून आलेल्यांची, कुणी लातूरचं, कुणी अकोल्याचं, कुणी थेट बिहारचं. घरमालकिणीचं शेत कंपन्यांच्या फाटकाआड गेलं होतं आणि त्याच्या पैशांतून तिने हे तीन मजले उभे केले होते. खाली ती राहायची, वर आम्ही सगळे. सगळे तिला मावशी म्हणायचो.

नवरा हिंजवडीत कंपनीत होता. मी बी.कॉम. झाले होते आणि घरात होते.

लग्नाला वर्ष झालं नसेल तोच सासूबाई गेल्या. गावचं घर विकलं, ते पैसे जवळच जांबे गावात घेतलेल्या फ्लॅटला लागले, आणि फ्लॅट तयार होईपर्यंत म्हणून सासरे आमच्याकडे आले. ‘आमच्याकडे’ हा शब्द नवऱ्याचा. ज्यांच्या घराच्या पैशांवर फ्लॅट उभा राहत होता, ते आमच्याकडे आले होते.

सासऱ्यांची सगळी नोकरी तालुक्याच्या बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली होती. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येतेय, हे माईकवरून सांगणारा माणूस. त्यांच्या आवाजावर अख्खा स्टँड उठायचा नि बसायचा. आमच्या दोन खोल्यांत मात्र ते दबक्या आवाजात बोलायचे. चहा हवा असला तरी मला आधी विचारायचे, “सूनबाई, गॅस मोकळा हाय का?” नवरा घरात असला की तेवढंही बोलायचे नाहीत.

दिवसभर त्यांना टीव्हीशिवाय काही नव्हतं. छत्रीवर वाहिन्या ढीगभर होत्या, पण त्यांना हवं ते नव्हतं. त्यांना संध्याकाळच्या मराठी बातम्या हव्या असायच्या आणि त्याआधी लागणारा शेतीचा कार्यक्रम. गावाकडे दोन्ही सरकारी वाहिनीवर लागायचं. छत्रीवर सरकारी वाहिनी होती, पण ती दिल्लीहून येणारी, संध्याकाळीसुद्धा हिंदीच. मुंबईचं मराठी केंद्र आमच्या पॅकेजमध्ये नव्हतं. खासगी मराठी बातम्या तेव्हा नुकत्याच सुरू होत होत्या, पण त्यांचा आरडाओरडा बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, सोसायचा नाही. बरेच दिवस ते रिमोट दाबून शोधत राहिले. मग एकदा मी भाजी निवडत असताना म्हणाले, “साध्या अँटेनावर ही वाहिनी संध्याकाळी मराठीत लागते. गावात आपल्याकडं तसंच होतं. इथं लावता येईल का गं?”

मी रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं.

“छत्री असताना अँटेना?” तो हसला. “लोक काय म्हणतील?”

“कोण लोक?”

“इथं सगळे कंपनीतले राहतात. छत्री परवडत नाही म्हणून काड्या लावल्या असं वाटेल.”

“छत्री राहू दे ना. दोन्ही ठेवायचे. आणि पाऊस आला की छत्री बंदच पडते की.”

हे खरं होतं. मुळशीचा पाऊस एकदा धरला की सोडत नाही, आणि ढग जाड झाले की पडद्यावर नुसती निळी पाटी यायची, सिग्नल नाही म्हणून. पावसाळ्यात आमची छत्री निम्मा वेळ गच्चीची शोभाच असायची.

बाबा ताटाकडे बघत जेवत होते. नवरा म्हणाला, “घ्यायचाच तर घरात ठेवायचा तो छोटा घ्या. वर गच्चीवर ते काड्यांचं भूत नकोय मला.”

एवढं बोलून त्याने परवानगी दिली असं मानायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा मेन रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदारालाही हसू आलं. म्हणाला, काका, आता लोक अँटेना काढून भंगारात देतायत. तरी त्याने माळ्यावरून दोन प्रकार काढून दाखवले. एक टीव्हीवर ठेवायचा, दोन लांब मिशांचा, मागे छोटा बूस्टर असलेला. दुसरा गच्चीवरचा, ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचा, पाइपावर चढवायचा. बाबांची नजर दुसऱ्यावरच होती. त्यांनी काड्यांवरून बोट फिरवलं, सांधे हलवून बघितले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “त्यानं छोटा सांगितलाय. छोटाच घेऊ.”

छोटा आणला. त्यावर बातम्या देणारी बाई दिसली, पण एकीच्या दोन झालेली, एकीच्या खांद्यामागून दुसरी डोकावणारी. आवाजात कायम खरखर. मिशा खिडकीत नेल्या, कपाटावर ठेवल्या, बाबा हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले. नवरा कामावरून आला, त्याने हे सगळं बघितलं आणि मोजे काढत म्हणाला, “झाली हौस?”

बाबांनी मिशा आत दुमडल्या आणि खोक्यात भरल्या.

मला त्या वेळी राग आला होता, पण तो राग कुठे न्यायचा हे ठाऊक नव्हतं. सकाळी डबा करून दिला, नवरा गेला आणि मी बाबांना म्हटलं, “चला, बदलून आणू.”

“त्याला विचारलंस?”

“नाही.”

त्यांनी टोपी घातली.

दुकानात जाण्याआधी ते मला गच्चीवर घेऊन गेले. तिथून जुनं गाव दिसायचं. कौलांवर, पत्र्यांवर अजून काही अँटेने उभे होते, बरेचसे वाकलेले, काहींवर कावळे बसलेले. “सगळ्यांची तोंडं कुठं हायेत बघ,” बाबा म्हणाले. सगळे एकाच बाजूला बघत होते, सिंहगडाच्या. तिथून प्रक्षेपण येतं हे गावातल्या लोकांनी कधीच हेरलेलं होतं. मध्ये डोंगराची एक सोंड होती. बाबा म्हणाले, “मधी डोंगर हाय म्हणून छोट्याचं काम नाही. जास्त काड्यांचा लागंल, आणि उंच लागंल.”

दुकानदाराने कुरकुरत छोटा परत घेतला. बाबांनी या वेळी कुणाचं ऐकलं नाही. मोठ्यातही दोन होते, एक हलका, एक जाड नळीचा. दुकानदार हलका देत होता. बाबांनी जाड मागितला, चपटी वायर नको, गोल वायर द्या म्हणाले, आणि पाइप दोघांनी धरून रस्त्याने चालत घरी आणला. पुढचं टोक त्यांच्या हातात, मागचं माझ्या. कंपनीच्या बसमधून लोक बघत होते. मला लाज वाटली नाही. लग्नानंतर कुणाबरोबर काहीतरी ठरवून घरी आणण्याची ती माझी पहिली वेळ होती.

मावशी अंगणात लसूण सोलत होती. पाइप बघून म्हणाली, “ह्ये काय आनलंय?”

“अँटेना, मावशी. गच्चीवर लावला तर चालेल का?”

“लावा की. कठड्याला भोक पाडू नगा म्हंजी झालं. आन् घट्ट बांदा, हितं वर लई वारं आसतंय.”

आम्ही पाइप पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला तारेने बांधला. मी खाली खोलीत, बाबा वर. खिडकीतून मी ओरडत होते, “थोडा डावीकडे! अजून!” आणि वरून त्यांचा आवाज आला, “आता?” तो मी पहिल्यांदाच ऐकला, त्यांचा खरा आवाज. खणखणीत, भरलेला, फलाटाच्या टोकापर्यंत पोचणारा. पडद्यावर चित्र स्वच्छ उभं राहिलं होतं. मी लगेच ‘आलं’ म्हणाले नाही. तो आवाज आणखी एकदा ऐकायचा होता म्हणून गप्प राहिले.

वायर टीव्हीच्या मागच्या भोकात गेली. छत्रीचा डबा तीन रंगांच्या पिनांनी जोडलेला होता, त्यामुळे काहीच काढावं लागलं नाही. रिमोटवरचं एक बटण दाबलं की छत्री, परत दाबलं की अँटेना. बाबा ते बटण एका दिवसात शिकले. नवरा यायच्या आधी आठवणीने छत्रीवर आणून ठेवायचे. वरचा पाइप नवऱ्याने पहिल्याच रविवारी बघितला आणि ‘लावलंच का ते भूत?’ एवढंच म्हणाला.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला आवडायच्या. शेतीच्या कार्यक्रमात कुणी डाळिंबावरच्या रोगाबद्दल सांगत असलं तरी बाबा मन लावून ऐकायचे, वास्तविक त्यांच्याकडे कधी शेत नव्हतं. बातम्या लागल्या की निवेदिकेचे उच्चार तपासायचे. “बघ, ळ कसा स्वच्छ म्हणली.” मी बी.कॉम.ला किती मार्क पाडले, नोकरी का बघत नाही, हे त्या घरात मला फक्त त्यांनीच विचारलं, तेही जाहिरातीच्या वेळात. मी म्हटलं, ह्यांना नको आहे. त्यांनी रिमोटने आवाज कमी केला. थोड्या वेळाने म्हणाले, “त्याच्या आईला शिवणाचा क्लास काढायचा होता. मीच नको म्हणलो होतो.” आणि आवाज वाढवला, कारण बातम्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

पावसाळ्यात एका रविवारी नवऱ्याने आपल्या साहेबाला आणि कंपनीतल्या दोघांना क्रिकेटची मॅच बघायला बोलावलं. मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले होते. बाहेरच्या खोलीत दिवाण, दोन खुर्च्या, मध्ये टीपॉय. बाबांना नवरा म्हणाला, “तुम्ही आत बसा ना, आम्हाला मोकळेपणाने बोलता येईल.” आत म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, प्लास्टिकच्या स्टुलावर. ते माझ्याशेजारी बसून कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होते.

दुपारी आभाळ फुटलं. निळी पाटी आली. साहेब हसून म्हणाला, “गेलं वाटतं.” नवऱ्याने डबा बंद करून सुरू केला, पिना हलवल्या, छत्रीच्या कंपनीला शिव्या घातल्या. मॅच सरकारी वाहिनीवरही होती. मी आतून म्हटलं, “अँटेनावर लावा.”

त्याने बटण दाबलं. चित्र आलं. खोलीत वाहवा झाली. साहेब म्हणाला, “अरे, हे काय काढलंस?”

“बॅकअप, सर,” नवरा म्हणाला. “इथला पाऊस माहीत होता, म्हणून मीच बसवून घेतला.”

मी बाबांकडे बघितलं नाही. काकडी चोचवल्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात वाऱ्याने चित्र हललं. रेघा आल्या, खेळाडू तिरपे झाले. नवरा आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाबा, जरा वर जाऊन बघता का? पाइप फिरला असेल.”

“या पावसात?” मी म्हटलं. “मी जाते.”

“तू पुऱ्या तळ. त्यांना माहितीये ते.”

बाबा उठले. डोक्यावर टॉवेल घेतला आणि जिन्याने वर गेले. बाहेरच्या खोलीतून नवरा खिडकीत उभा राहून ओरडत होता, “अजून! नाही, गेलं! परत! हां, बस, बस!”

चित्र थांबलं. मॅच सुरू झाली. बाबा खाली आले नाहीत.

मी तळणीतल्या पुऱ्या काढल्या, गॅस बंद केला आणि छत्री घेऊन वर गेले. टाकीजवळ बाबा दोन्ही हातांनी पाइप धरून उभे होते. तार सुटली होती. सदरा अंगाला चिकटला होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

“बाबा, सोडा तो. खाली चला.”

“सोडला की फिरतोय. त्याचा साहेब बसलाय. तू जा, पुऱ्या गार होतील.”

“बाबा, मी सांगते त्यांना.”

“काही सांगू नको. थोडी ओव्हरं राहिली असतील.”

खालून टाळ्या आल्या. कुणीतरी बाद झालं असेल. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. वाऱ्याने ती उलटीपालटी होत होती, आणि आम्ही दोघं भिजत होतो.

मावशी वाळत घातलेली घोंगडी काढायची राहिली म्हणून वर आली आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबली. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तिने कपड्यांची दोरी सोडली, पाइपाला तीन-चार वेढे दिले, टाकीच्या पायाला गाठ मारली आणि बाबांचा हात धरून त्यांची बोटं पाइपावरून सोडवली. खाली येताना ती आमच्या दारात थांबली. पाहुण्यांसमोरच म्हणाली, “म्हाताऱ्या मानसाला पावसात वर उबं करून तुमी हितं टाळ्या वाजवताय व्हय? जनावराला बी आमी असं भिजत ठेवत न्हाई.”

साहेब उभा राहिला. “काका, सॉरी, आम्हाला माहीतच नव्हतं,” म्हणाला. जेवण कसंबसं झालं. ते लवकर गेले.

पाहुणे गेल्यावर नवऱ्याने दार लावून घेतलं. बाबांना म्हणाला, “तुम्ही खाली यायचं ना. मी काय धरून उभं राहा म्हटलं होतं?”

“नाही,” बाबा म्हणाले. “तू नव्हता म्हणला.”

त्यांना ताप आला, दोन-तीन दिवसांत उतरला. पण त्यानंतर त्यांनी अँटेना लावला नाही. मी बटण दाबून द्यायचे, ते म्हणायचे, राहू दे, तुला काय बघायचं ते बघ. मला काहीच बघायचं नव्हतं.

जांब्याचा फ्लॅट हातात आला. सामान बांधताना मी विचारलं, अँटेना काढून घ्यायचा ना? नवरा म्हणाला, “तिथं गच्चीवर कुणाला जाऊ देत नाहीत.” बाबांनी ऐकलं आणि मान हलवली. नंतर मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, एक अर्ज द्या, लावा की, आमची काही हरकत नाही. हे मी घरी सांगितलं. नवरा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, “तुला कुणी चौकशी करायला सांगितली होती?”

बाबा त्या फ्लॅटमध्ये फार राहिले नाहीत. नणंदेकडे बार्शीला चार दिवस जाऊन येतो म्हणाले. जाताना स्टँडवर मी सोडायला गेले. माईकवरून कुणीतरी गाड्या सांगत होतं, एक शब्द कळत नव्हता. बाबा म्हणाले, “तोंड लई जवळ धरलंय त्यानं.” गाडीत बसले आणि खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते परत आले नाहीत. मी फोन केला की म्हणायचे, येतो, आता पाऊस उघडू दे. मग म्हणायचे, थंडी सरू दे. नवऱ्याने त्यांना ‘या’ असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. नणंदेच्या घरी केबल होती आणि तिचे सासू-सासरेही होते, तिथे टीव्हीवर यांचा काय हक्क असणार. पुढच्याच्या पुढच्या वर्षी ते बार्शीलाच वारले.

तेराव्याला नणंदेच्याच घरी नातेवाईक जमले होते. जेवणं झाल्यावर माणसं ओसरीत बसून त्यांच्याबद्दल बोलत होती. कुणीतरी म्हणालं, त्यांना बातम्यांचं भारी वेड. नवरा म्हणाला, “हो ना. माणला असताना त्यांच्यासाठी मी खास गच्चीवर अँटेना बसवून दिला होता. छत्री असताना. म्हटलं, त्यांची आवड आहे.”

लोकांनी माना हलवल्या. एक म्हातारे म्हणाले, आजकाल कोण करतं एवढं.

मी ताटात पाण्याचे पेले गोळा करत होते. ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, “तो त्यांनी आणला होता. मी आणि त्यांनी. तुम्ही त्यांना पावसात तो धरायला वर पाठवलंत, आणि ते तुमची मॅच होईपर्यंत धरून उभे होते.”

नणंद आतून आली, माझा दंड धरला आणि म्हणाली, “वहिनी, आता कशाला? ते गेले.” मला वाटलं होतं ती तरी विचारेल, खरं का. तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि माझ्या हातात भांडी दिली.

परत येताना गाडी नवरा चालवत होता, इंदापूर मागे पडलं. मग म्हणाला, “चारचौघांत बोलायची काय गरज होती?”

“खोटं होतं का?”

“प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही. माझे वडील होते ते.”

मी खिडकीची काच खाली केली. त्याने एसी लावलेला होता, म्हणून त्याच्या बाजूच्या बटणाने त्याने ती परत वर केली.